कमी दाबाची बाजू

वर्ध्याहून घरी परतताना, वायगाव मागे पडल्यावर, पावणेबाराच्या सुमाराला, गाडीतली हवा गरम झाली. एकदम नाही. आधी ती नुसती साधी हवा झाली, मग कोणी जवळून श्वास सोडावा तशी, आणि मग सरळ इंजिनावरून आल्यासारखी. अन्नपूर्णाचं लक्ष रस्त्यावर होतं. समोर कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता आणि त्याला ओलांडावं की मागंच राहावं हे तिचं ठरत नव्हतं. गाडी चालवायला लागून तिला जेमतेम सहा महिने झाले होते. शेजारी बसलेल्या धनंजयनं डावा हात उचलला, तळवा जाळीसमोर धरला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाला, "मीठ संपलं."

ती हसली. आवरायच्या आत हसू बाहेर पडलं, चांगलं मोठ्यानं. गेल्या आठ महिन्यांत त्याच्या तोंडून काय काय निघालं होतं. पाण्याला तो खिडकी म्हणाला होता, चपलेला मंगळवार, आणि एकदा तिलाच डॉक्टर. ती कधी हसली नव्हती. डोक्यातल्या एका शिरेत गुठळी अडकली, उजवा हात आणि पाय लुळा झाला आणि शब्दांची जागा बदलली, असं वर्ध्याच्या दवाखान्यातल्या रोशनी मॅडमनी तिला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. काकांना समजतं सगळं, काकू, फक्त शब्द काढायला जातात तेव्हा भलताच हाती लागतो. बोलणं शिकवायचं कामच करणारी ती मुलगी, अन्नपूर्णाच्या लेकीच्या, काजलच्या वयाची असेल. तिनं सांगितलेलं अन्नपूर्णाला पाठ होतं, आणि तरी ती हसली. आणि त्या हसण्यात काय होतं ते तिचं तिलाच ऐकू आलं. शाळेत एखादे कडक मास्तर फळ्यावर चुकले की मागच्या बाकावरून जसं उठतं तसं ते हसू होतं. धनंजयनं हात खाली घेतला आणि तोंड काचेकडे वळवलं.

हिंगणघाट अजून अर्ध्या तासावर होतं. तिनं काचा खाली केल्या तर रस्त्यावरची झळ तोंडावर आली, वर केल्या तर आत गुदमरायला झालं. त्या दिवशी पारा पंचेचाळीसच्या वर होता. दहा-बारा मिनिटांनी तिनं सहज शेजारी पाहिलं तर धनंजयची मान छातीवर आली होती, चेहरा लालभडक आणि कोरडा. तिनं एका कडुनिंबाखाली गाडी घातली, बाटलीतलं पाणी दुपट्ट्यावर ओतून तो त्याच्या डोक्यावर आणि मानेवर ठेवला, थोडं थोडं पाणी तोंडाला लावलं. त्यानं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं. बोलायला गेला असता तरी कोणता शब्द आला असता कोण जाणे. बारमाही हिरवं राहणारं ते झाड, रस्त्यावर वितळलेलं डांबर, मागून भोंगा वाजवत गेलेली एसटी. तिला नंतर हे सगळं आठवायचं, आणि त्याच्या आधीचं आपलं हसणं आठवायचं, आणि या दोन गोष्टी तिच्या मनात एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

ज्या माणसानं सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या घरात, दुकानात, गाड्यांत गारवा घातला त्याची स्वतःची गाडी अशी व्हावी, असं कोणीही म्हणालं असतं. तिला ते मनातल्या मनातसुद्धा म्हणायचं नव्हतं. हिंगणघाटात नंदोरी चौकाच्या अलीकडे धनंजयचं 'गारवा रेफ्रिजरेशन' होतं. फ्रीज, कूलर, एसी, जिनिंगवाल्यांच्या ऑफिसातली मशीनं, आणि मागून मागून गाड्यांचे एसी. कामात तो पक्का होता. कंप्रेसरला नुसता हात लावून काय झालं ते सांगायचा. आणि दिवसभर बोलायचा. गिऱ्हाइकाशी गोड, बाकी सगळ्यांशी तिखट. ती दुपारी डबा घेऊन जायची, त्याचं जेवण होईपर्यंत मागच्या स्टुलावर बसायची, रिकामा डबा घेऊन परत यायची. रोजचा एक तास, सव्वीस वर्षं. त्या तासात ती काय पाहते हे त्यानं कधी विचारलं नाही. तिला सगळ्या नळ्यांची नावं येत होती. लग्नाआधी आंजीला वडिलांच्या, नत्थूजींच्या, मळ्यात विहिरीवरची मोटर बिघडली की तेच तिला हाक मारायचे. विहिरीच्या आतल्या टप्प्यावर उतरून ती पाना धरायची, वायसर घालायची, आणि नत्थूजी वरून म्हणायचे, आवळ, पन तिचा जीव घेऊ नको. वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यात पाणी धावलं की ते तिच्याकडे न पाहताच हसायचे. दुकान काढलं त्याच वर्षी एकदा धनंजय दुकानात नसताना तिनं एका आइस्क्रीमवाल्याच्या पेटीचा सैल झालेला नट आवळून दिला होता. धनंजय आला, गिऱ्हाइकासमोर तोच नट त्यानं पूर्ण सोडला, आणि पुन्हा आवळला. तेवढाच. मग गिऱ्हाइकाला हसत म्हणाला, घरच्या लक्ष्मीनं हात लावला, म्हनून एकडाव पाहून घेतलं. ती डबा घेऊन घरी आली होती. त्यानंतर तिनं दुकानात हात मांडीवरच ठेवले.

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बायपासजवळच्या गॅरेजवर नेली. मिस्त्री धनंजयच्या ओळखीचा, पूर्वी काही अडलं की दुकानात येऊन विचारून जाणारा. त्यानं बोनट उघडलं, बंद केलं. "आठ दिवस गाडी ठेवा लागन, काकू. सगळंच बदला लागते यात. जुनी गाडी हाये, सामान नागपूरवरून बोलवा लागन." मग तो काचेतून आत वाकला आणि बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडला, "काकाजी, वळखलं का मले?" धनंजयनं मान हलवली. डाव्या हाताचं बोट त्यानं बोनटकडे नेलं, चिमटीत काहीतरी बारीक धरल्यासारखं केलं, "पोळी," म्हणाला, "पोळी पोळी." मिस्त्रीनं अन्नपूर्णाकडे पाहिलं आणि ओठ दाबून मान डोलावली, तेरवीला आलेले लोक डोलावतात तशी. तिनं गाडी तिथं ठेवली नाही. का ते तिला त्या वेळी सांगता आलं नसतं.

संध्याकाळी काजलचा पुण्याहून फोन आला. अन्नपूर्णानं सांगितलं, एसी बंद पडला, बाबाले रस्त्यात चक्कर आली, आता ऊन उतरेपर्यंत वर्ध्याले जानं बंद ठेवू. एक-दीड महिन्याचा तं प्रश्न हाये. काजल म्हणाली, "बरोबर आहे आई, जिवापेक्षा काय आहे, घरीच करून घे व्यायाम." फोन ठेवला आणि अन्नपूर्णा पाटावर बसून आंजीहून भावानं पाठवलेल्या गवारीच्या शेंगा मोडायला लागली. एक एक शेंग, दोन्ही टोकं, मधून मोडायची. समोर बाजेवर धनंजय पंख्याखाली पडला होता. घरात पंख्याचा आवाज, शेंग मोडल्याचा आवाज, बाकी काही नाही. आणि तिच्या लक्षात आलं की तिला बरं वाटतंय. नुसतं बरं नाही, हलकं. खांद्यांवरून पाण्याचा हंडा उतरवल्यासारखं. दीड महिना वर्ध्याला जायचं नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार कोणी त्याच्यासमोर चित्रं धरणार नाही, हे काय आहे काका, हे काय आहे. दीड महिना हे घर असंच राहणार. तिनं हातातली शेंग मोडली आणि तशीच धरून ठेवली. रोशनी मॅडमनी घरी दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं त्याच्याकडून बोलणं करवून घ्यायला सांगितलं होतं. पहिल्या वर्षात जे येतं ते येतं, काकू, नंतर फार कठीण. पहिले तीन महिने तिनं घड्याळ लावून केलं. मग एक वेळ. मग एक दिवस आड. आणि मॅडमनी विचारलं की ती म्हणायची, हो, करून घेते ना. आपण हे विसरतो असं ती स्वतःला सांगत होती. घरात कामं असतात, माणूस विसरतं. पण ती विसरत नव्हती. दुपारी चारला ती घड्याळाकडे पाहायची, चित्रांचा गठ्ठा कुठं आहे ते तिला माहीत असायचं, आणि ती उठून चहा ठेवायची. तीस वर्षांनी तिला हे घर शांत मिळालं होतं. भाजीत तेल किती, दार किती जोरात लावलं, माहेरच्या माणसांशी फोनवर किती वेळ बोलली, याबद्दल आठ महिने कोणी काही म्हणालं नव्हतं. ती गाढ झोपायला लागली होती. शेजारच्या कुंताबाईही म्हणाल्या होत्या, एवढं दुखणं काढून राह्यली, पन तुह्या तोंडावर तेज आलं वं बाई. तेव्हा तिला ते चांगलं वाटलं होतं.

शेंगा तिनं पुऱ्या मोडल्या. भाजी टाकली, भाकरी केल्या, त्याला भरवलं. त्याच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून वरण ओघळलं ते तिनं बोटानं पुसलं. मग जिन्याखाली गेली, जिथं दुकान बंद केल्यापासून त्याचं सामान गोणपाटात बांधून ठेवलं होतं, आणि गाठी सोडायला लागली. व्हॅक्यूमचा पंप, दोन डायलचं गेज, निळी, लाल आणि पिवळी नळी, पान्यांचा डबा, तेलाची बाटली. एकेक वस्तू ती बाहेर आणून ओसरीवर मांडत होती आणि धनंजय बाजेवर डाव्या कोपरावर उठून पाहत होता. गॅसचे दोन डबेही सापडले, सील न तोडलेले. शेवटी सुपारीचा एक चपटा डबा निघाला. तो पाहून धनंजयचा हात पुढे आला. तिनं डबा त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं डाव्या अंगठ्यानं झाकण उचकटलं. आत हिरव्या रबराच्या बारीक बारीक रिंगा होत्या, शंभर असतील. त्यानं एक चिमटीत धरून तिच्यासमोर केली.

"पोळी," तो म्हणाला.

"हे व्हय?" ती म्हणाली. "त्या मिस्त्रीले हेच सांगत होते का तुम्ही?"

त्यानं डोळे मिटले आणि उघडले. म्हणजे सगळं काही बदलायचं नव्हतं. एका जोडातली एक रिंग गेली होती, आणि हे त्यानं आसनावर बसल्या बसल्या, कुठलासा वास किंवा आवाज घेऊन ओळखलं होतं, आणि भर गॅरेजात दोनदा सांगितलं होतं.

सकाळी सहाला तिनं अंगणात गाडीचं बोनट उघडलं. ऊन यायच्या आत काम उरकायचं होतं. धनंजयला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्ची गाडीच्या नाकाजवळ आणली. ती तारेच्या घासणीनं भांड्याचा साबण वाटीत फेसत होती तेव्हा कुंताबाई कुंपणावरून डोकावल्या. "काय करून राह्यली वं अन्नपूर्णा, गाडी धुतं का?" ती म्हणाली, हो. त्या गेल्या. मग तिनं फेस एकेका जोडावर बोटानं लावला आणि वाकून पाहत बसली. बरेच जोड तसेच राहिले. पुढच्या जाळीला, कंडेन्सरला, जिथं नळी जोडली होती तिथं धूळ काळी आणि चिकट झालेली. धनंजयचं बोट केव्हापासून तिकडेच होतं, पण तिला स्वतः पाहायचं होतं. फेस लावला. काही झालं नाही, काही झालं नाही, आणि मग एक बुडबुडा हळूहळू मोठा व्हायला लागला, तांदळाएवढा, मग मुगाएवढा, आणि फुटला. त्याच जागी दुसरा. तिनं धनंजयकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर जे आलं ते तिच्या ओळखीचं होतं. गिऱ्हाईक निघून गेल्यावर, दुरुस्त केलेलं यंत्र एकटं चालत असताना, तो त्याच्याकडे असं पाहायचा. हे त्यानं तिच्यापासून कधी लपवलं नव्हतं. ती मागच्या स्टुलावर आहे हे त्याच्या लक्षातच नसायचं.

उरलासुरला गॅस तिनं चष्मा लावून, हात लांब धरून हळूच सोडला. जोडाचा बोल्ट दहा नंबरच्या पान्यानं सुटेना. तिनं पान्यावर टाचेनं दाब दिला, तेव्हा कट्‌कन आवाज आला आणि दोघांनीही एकदम श्वास सोडला. आतली रिंग चपटी होऊन गेली होती, एका बाजूला भेग. सुपारीच्या डब्यातून धनंजयनं नवी काढली, अंगठ्याखाली दोनदा फिरवली, परत टाकली, दुसरी काढली. तिनं तिला तेल लावून खाचेत बसवली. बोल्ट आवळताना त्यानं हात वर केला, पंजा उघडा, थांब म्हणून. ती थांबली नाही. तिला माहीत होतं किती आवळायचं ते. अजून एक पाव फेरा दिला आणि पाना काढला. त्यानं हात खाली घेतला. तिनं त्याच्याकडे पाहायचं टाळलं, आणि छातीत कुठंतरी एक लहानशी दुष्ट गोष्ट खुशाल बसलेली तिला जाणवली. आता सोड नट, आणि आवळ पुन्हा. पण त्याचा उजवा हात मांडीवर उलटा पडला होता, माशासारखा, आणि मग ती गोष्ट तिला नकोशी झाली.

नळ्या जोडल्या, पंप सुरू केला. नळीतली सगळी हवा आणि ओल ओढून काढायची, अर्धा तास तरी, नाहीतर आत पाणी राहतं आणि सगळं वाया जातं. हा घरघर आवाज म्हणजे तिची दुपार. त्या आवाजात धनंजय जेवायचा, त्याच्या वर आवाज काढून बोलायचा. आज तो खुर्चीत डोळे मिटून बसला होता आणि त्याची बोटं मांडीवर ठेका धरत होती. निळ्या गेजची सुई शून्याच्या खाली गेली, तीसच्या जवळ जाऊन बसली. तिनं गेजवरच्या निळ्या-लाल दोन्ही चाव्या बंद केल्या, पंप थांबवला आणि सुई हलते का ते पाहायला आणखी अर्धा तास धरला. या अर्ध्या तासात करण्यासारखं काही नसतं. ती पायरीवर बसली. मागच्या भिंतीवर चिमण्या आल्या, गेल्या. ती त्याला म्हणाली, "तुमच्याजवळ दुकानात मी रोज येत होती ना, तं मी हेच पाहत राहो. तुमाले वाटे, ही डब्यासाठी बसली." त्यानं डोळे उघडले. काही वेळानं म्हणाला, "डबा." शब्द बरोबर होता. पण तिचं बोलणं कळून आला की नुसता तिच्या तोंडचा शब्द परत आला, हे तिला ठरवता येईना. कधी कधी दिवसभर तो असा ऐकलेला शब्द परत द्यायचा. मॅडम म्हणायच्या, तेही चांगलं आहे. तिनं सुईकडे पाहिलं. सुई जागची हलली नव्हती.

साडेआठला ऊन अंगणाच्या अर्ध्यावर आलं. डब्याला भोक पाडून पिवळ्या नळीतली हवा तिनं आधी फुसकन सोडून दिली. गाडी बंद असताना जेवढा गॅस आपण होऊन आत जातो तेवढा जाऊ दिला. मग गाडी सुरू केली, एसी पूर्ण, पंखा पूर्ण, चारी दारं उघडी. आता निळ्या नळीतून, कमी दाबाच्या बाजूनं, गाडीनं स्वतः गॅस ओढायचा. पहिला डबा बऱ्यापैकी गेला. कंप्रेसरची टिक् ऐकू आली आणि तो फिरायला लागला. धनंजयनं कान टवकारले. दुसऱ्या डब्याला सुरुवात केली तशी डबा हातात बर्फासारखा गार झाला आणि गॅस जाईना. तिनं डबा कोमट पाण्याच्या बादलीत धरला. सुई हलली, पुन्हा थांबली. ऊन तिच्या मानेवर आलं होतं. इंजिनाची झळ, साबणाचा आणि तेलाचा वास, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. तिला दुकानातलं आठवत होतं. तो कधी कधी दोन्ही चाव्या उघडायचा, निळी आणि लाल, आणि गॅस भसकन आत जायचा. तेव्हा इंजिन चालू असायचं की बंद, हे मात्र तिला आठवलं नाही, आठवायचं आहे हेही सुचलं नाही. तिनं डबा डाव्या हातात घेतला, छातीजवळ, आणि उजवा हात लाल चावीवर ठेवून फिरवायला लागली.

"लाल नाई. हात काढ, बावळट."

हात आपोआप निघाला. शब्द कळायच्या आधी हात निघाला. खांदे कानांपर्यंत गेले, पोट आत ओढलं गेलं, मान खाली आली, सगळं त्याच क्रमानं, तीस वर्षं यायचं तसं. मग तिला कळलं की काय झालं होतं. इंजिन चालू असताना लाल बाजूला प्रचंड दाब असतो. ती चावी उघडली असती तर तो दाब उलटा डब्यात आला असता, आणि डबा तिच्या छातीशी होता. हे तिनं ऐकलेलं होतं, त्याच दुकानात, वरोऱ्याच्या कुण्या मिस्त्रीची बोटं गेल्याची गोष्ट म्हणून. आणि त्याच्या मागोमाग दुसरं कळलं. तो बोलला होता. एका दमात, नीट, प्रत्येक शब्द आपल्या जागी. आवाजसुद्धा तोच, आठ महिन्यांपूर्वीचा, कडेला धार असलेला. तिला वाटलं होतं तो आवाज गेला. तो कुठंही गेला नव्हता. आतच होता, धडधाकट, आणि त्याच्यासोबत तो शब्दही, जो त्यानं तिच्या नावापेक्षा जास्त वेळा वापरला होता. पाण्याचा शब्द गेला, चपलेचा गेला, तिचं नाव गेलं, आणि हा राहिला.

तिनं डब्याची चावी बंद केली. गाडी बंद केली. पायरीवर जाऊन बसली. धनंजय खुर्चीत पुढे वाकला होता. त्याचे डोळे मोठे झाले होते, तोही स्वतःच्या आवाजानं दचकला होता. तोंड उघडून तो पुन्हा काहीतरी काढू पाहत होता, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. "ला... ला... सायकल," तो म्हणाला. "सायकल." मग थांबला. डाव्या हातानं त्यानं खुर्चीच्या दांड्यावर एकदा मारलं.

तिला काय हवं आहे असं कोणी तेव्हा विचारलं असतं तर दोन उत्तरं आली असती, आणि दोन्ही खरी. हे घर असंच शांत राहावं. आणि या माणसाला कपाळावर घाम येईस्तोवर एक शब्द शोधावा लागू नये. आज त्या आवाजानं तिचा जीव वाचवला होता. त्याच आवाजानं तिला पुन्हा बावीस वर्षांची करून स्टुलावर बसवलं होतं. यातलं एक ठेवून दुसरं टाकता येत नाही असं तिला आजवर वाटत आलं होतं. ती उठली, खुर्चीजवळ गेली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली, म्हणजे त्याला तिच्याकडे वर पाहावं लागणार नाही.

"आयका," ती म्हणाली. "तुम्ही सांगतलं म्हनून मी वाचली. नाई तं आज माह्या चिंधड्या झाल्या असत्या. हे मी विसरनार नाई." तो पाहत होता. "अन् मी तुमचं बोलनं करून घेत नव्हती. मॅडमले खोटं सांगत होती. तुम्ही गप होते तं मले बरं वाटे. हेही खरं हाये. आता रोज करू, दोन्ही वेळ. येऊ द्या तुमचं बोलनं, सगळं येऊ द्या. पन तो शब्द नाई. त्या शब्दानं मले आता बोलवाचं नाई. बोलावलं तं मी उठून जाईन, पंप चालू असो का डबा हातात असो."

त्याचे ओठ नुसते हलले. त्याला किती कळलं ते तिला समजलं नाही. सगळं कळतं, मॅडम म्हणाल्या होत्या. तिनं चेहऱ्यावरून पदर फिरवला, लाल चावी बंद असल्याची दोनदा खात्री केली आणि गाडी पुन्हा सुरू केली. डबा बादलीत धरून, निळ्या नळीतून थोडा थोडा, थांबून थांबून, तिनं उरलेला गॅस आत जाऊ दिला. वीस मिनिटं लागली. सुई पस्तिसाच्या आसपास येऊन ठरली तेव्हा धनंजयनं पंजा उघडून थांब म्हटलं, आणि या वेळी ती थांबली. जाळीतून येणारी हवा चांगली गार होती. तिनं तोंड जवळ नेलं, घामेजलेल्या केसांखाली गार लागलं. मग नळ्या सोडल्या, टोपणं लावली, सामान गोणपाटात न बांधता ओसरीवरच्या कपाटात नीट लावून ठेवलं, आंघोळ केली आणि पोहे केले.

शनिवारी ते वर्ध्याला गेले. वाटेत बाहेर झळा होत्या आणि आत त्याच्या अंगावर तिनं पातळ चादर टाकली होती. दवाखान्यातल्या त्या लहान खोलीत रोशनी मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, "काय काकू, घरी काही नवीन? एखादं पूर्ण वाक्य वगैरे?"

नाही म्हणणं सोपं होतं. अन्नपूर्णानं पर्स मांडीवर घेतली. "एक बोलले," ती म्हणाली. आणि तिनं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं, पाचच्या पाच शब्द, शेवटच्यासकट. धनंजय भिंतीकडे पाहत होता.

मॅडमनी ते कागदावर लिहून घेतलं. त्या हसल्या नाहीत, की कसनुशाही झाल्या नाहीत. "अरे वा," त्या म्हणाल्या. "घाबरल्यावर येतं असं कधी कधी, आपोआप. आता ते मुद्दाम म्हणता येतं का पाहू. काका, माझ्याकडे बघा. परवा काकूंना काय म्हणालात? लाल..."

त्यानं मान वळवली. मॅडमकडे पाहिलं, मग अन्नपूर्णाकडे. "लाल," तो म्हणाला. थांबला. "लाल नाई."

"छान. पुढे?"

"हात." डावा हात दांड्यावर घट्ट झाला. "हात काढ."

"एकदम बरोबर. आता एकच शब्द राहिला, काका. शेवटचा. ब..."

अन्नपूर्णा त्याच्या तोंडाकडे पाहत होती. आठ महिने ती त्या तोंडाकडे पाहत आली होती. शब्द सापडत नाही तेव्हा त्याची नजर वर छताकडे जाते आणि जीभ उगाच फिरत राहते, हे तिला ठाऊक होतं. आता नजर वर गेली नाही. ती सरळ तिच्यावर होती. ब साठी मिटतात तसे त्याचे ओठ एकमेकांवर मिटले, डावी बाजू घट्ट, उजवी सैल, आणि ते तसेच राहिले. टेबलावरच्या पंख्यानं कागदाचं टोक उचललं, ठेवलं. मग त्यानं ओठ उघडले.

"नाई," तो म्हणाला.

"हरकत नाही, काका," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर पहिल्या चार शब्दांपुढे खुणा केल्या. "नाही आठवला तर नाही. येईल पुढच्या वेळी."

अन्नपूर्णानं पर्स खांद्याला लावली. त्याला तो आठवला होता.